सेवेची सुरुवात आणि हिशेबाची वही

सेमिनरीचे शिक्षण संपते, किंवा चांगली नोकरी चालू असतानाच पाचारण स्पष्ट होते. रविवारच्या उपासनेत मंडळीतले वडील डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, शाल-गुलाब होते, फोटो निघतात. सोमवारी सकाळी घरात प्रश्न उभा राहतो: आता महिन्याचे कसे भागणार?

जुन्या चर्चसंस्थांत पाळकाला ठरलेला पगार असतो, राहायला पाळकगृह असते. पण नव्या तालुक्यात काम उभे करणारा, मुलांमध्ये किंवा वसतिगृहातल्या तरुणांमध्ये काम करणारा, दहा-बारा घरांची छोटी स्वतंत्र मंडळी सांभाळणारा, यांच्यामागे असा आधार नसतो. त्यांना दरमहा मदत करणाऱ्या माणसांच्या भरवशावरच पाऊल टाकावे लागते. हा लेख अशा नव्या सेवकांसाठी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी आहे.

विश्वासाने चालावे कसे, हे शिकवायला कोणी ना कोणी भेटते. पैशाविषयी बोलायला मात्र सगळेच कचरतात. माझे सांगणे थोडक्यात असे: मदतीवर जगणाऱ्या सेवकाचे स्वातंत्र्य त्याच्या हिशेबाच्या वहीत असते. कोणाकडून किती घेतले, कशासाठी घेतले आणि ते कुठे गेले, हे ज्याला कोणासमोरही उघडून दाखवता येते, त्याला कोणाची भीड बाळगावी लागत नाही.

मागण्याची लाज

आपल्याकडे चांगल्या घरातल्या, शिकलेल्या मुलाला कोणापुढे हात पसरणे जड जाते. आईवडिलांना तर त्याहून जड. ‘इतकं शिकवलं ते लोकांच्या दारात जायला का?’ हे वाक्य अनेक सेवकांनी घरात ऐकलेले असते. त्यावर चिडू नका. आधी स्वतःचे मन शास्त्र वाचून पक्के करा.

लूकच्या आठव्या अध्यायात मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूची आणि शिष्यांची सेवा करताना दिसतात. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल स्पेनच्या प्रवासासाठी रोमच्या मंडळीकडून मदतीची अपेक्षा उघडपणे लिहितो. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करत होता; मासेदोनियाहून सीला आणि तीमथ्य आल्यावर त्याने स्वतःला वचनाच्या कामाला वाहून घेतले. फिलिप्पैच्या मंडळीची मदत त्याने एकदा नव्हे, अनेकदा घेतली. करिंथकरांकडून मात्र हक्क असूनही घेतली नाही, कारण तिथे त्या पैशामुळे सुवार्तेला अडखळण झाले असते.

म्हणजे घेणे, न घेणे आणि हाताने काम करणे हे तिन्ही मार्ग एकाच माणसाने वापरले. कोणाकडून घ्यावे आणि कोणाकडून घेऊ नये, हे तो जागा पाहून ठरवत होता. तुम्हालाही ते ठरवावे लागेल. गावात उपासनेला नुकतेच येऊ लागलेल्या कुटुंबाकडून पहिल्या वर्षी घरखर्चाला पैसे घेऊ नयेत, हा साधा नियम त्यातूनच निघतो. त्यांनी उपासनेत दिलेले अर्पण मंडळीच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या घरची चूल त्यावर पेटू नये.

काहीजण म्हणतात, आम्ही माणसाकडे मागणारच नाही, फक्त देवाकडे मागू. हा मार्गही जुना आणि आदराचा आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी 1830 साली ठरलेला पगार घेणे सोडले आणि पुढे अनाथालये चालवताना कोणाकडे पैशाची मागणी केली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंवर त्यांच्या उदाहरणाचा मोठा प्रभाव होता. पण म्युलर यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांची दुसरी सवयही उचलावी: ते आलेल्या देणग्यांची काटेकोर नोंद ठेवत आणि वर्षाचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवत. मागा किंवा मागू नका, वहीतून सुटका नाही.

आधी आकडा काढा

मदत मागायला निघण्याआधी नवराबायकोने एका संध्याकाळी वही घेऊन बसावे. ‘देव पुरवील’ हे खरेच आहे, पण किती पुरवायला हवे हे तुम्हालाच माहीत नसेल, तर देणाऱ्याला काय सांगणार? उदाहरणादाखल तालुक्याच्या गावात राहणारे जोडपे आणि शाळेत जाणारे एक मूल धरू. महिन्याचा अंदाज असा निघेल:

घरभाडे 5,000 रुपये
किराणा, दूध, भाजी, गॅस 9,000
वीज, मोबाइल 1,200
शाळेची फी, वह्या-पुस्तके 1,500
औषधपाणी आणि आरोग्य विम्याचा हप्ता 2,000
दुचाकीचे पेट्रोल, दुरुस्ती 3,500
गावाकडे आईवडिलांना 2,000
बचत 1,900
दशमांश 2,900

हे झाले 29,000. त्यात कामाचा खर्च, म्हणजे सभेच्या जागेचे भाडे, बायबल आणि गीतपुस्तके, मुलांच्या वर्गाचे साहित्य, चहापाणी असे 3,000 मिळवले की 32,000 रुपये. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदलतील. ओळी मात्र गाळू नका. नवे सेवक हमखास तीन ओळी गाळतात: आईवडील, विमा आणि बचत. परिणाम वीस वर्षांनी दिसतो. निवृत्त व्हायची वेळ येते तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, आणि एखाद्या शस्त्रक्रियेसाठी मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी फिरवावी लागते. त्यागाच्या नावाखाली केलेला हा बेहिशेबीपणा शेवटी मंडळीच्याच गळ्यात पडतो.

घरखर्च आणि कामाचा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. दोन रकाने, शक्य तर दोन खाती. गीतपुस्तकांसाठी आलेल्या पैशातून शाळेची फी भरायची आणि ‘नंतर भरून काढू’ म्हणायचे, इथून घसरण सुरू होते.

जोडीदाराच्या पगाराबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या समाजात अनेक सेवकांच्या बायका परिचारिका किंवा शिक्षिका असतात आणि घर खऱ्या अर्थाने त्यांच्या पगारावर चालते. तसे असेल तर तो पगार वहीत मदतीच्या पहिल्या ओळीत लिहा. तो न लिहिता ‘देवाने चालवलं’ अशी साक्ष देणे हा बायकोवर अन्याय आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची उदारता सर्वांना ठाऊक आहे. तिची झळ घरात कोणाला सोसावी लागत होती, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळते. सेवेत उतरायचे की नाही, नोकरी केव्हा सोडायची, किती मागायचे, या तिन्ही गोष्टींवर दोघांची सही हवी.

थोड्यांकडून जास्त की जास्तांकडून थोडे

32,000 रुपये एखादा श्रीमंत गृहस्थ एकटाच देऊ शकेल. मोह मोठा असतो: एक फोन, एक चेक, काम फत्ते. पण मग रविवारी कोणत्या विषयावर बोलायचे आणि कोणत्या विषयावर गप्प बसायचे, हे हळूहळू तोच ठरवू लागतो. त्याने तोंडाने काही सांगण्याचीही गरज पडत नाही. तुमची जीभच जड होते. शिवाय त्याचा धंदा बसला की तुमचेही काम बसले.

म्हणून आधार पसरून घ्या. चार जणांनी 2,000, दहा जणांनी 1,000, सोळा जणांनी 500 आणि वीस जणांनी 200 रुपये दिले तर 30,000 होतात. तुमच्या मूळ मंडळीच्या महिला मंडळाने किंवा तरुण संघाने 2,000 उचलले की रक्कम पूर्ण होते. पन्नास माणसे आणि एक मंडळ. यातला सर्वांत मोठा दाता थांबला तरी तुमचा सोळावा हिस्साच कमी होतो. आणि पन्नास घरांत तुमच्या गावाचे नाव घेऊन प्रार्थना होते, ते वेगळेच.

200 रुपये देणाऱ्यांना ‘किरकोळ’ समजू नका. मिझोराममध्ये घरोघरच्या स्त्रिया स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ते गोळा करून विकले जातात आणि त्यावर तिथल्या चर्चने मोठे मिशनकार्य उभे केले आहे. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. 25 डिसेंबर 1905 रोजी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हाही भूमिका हीच होती: माणसे आपली, पैसा आपला, कारभार आपला. परदेशी मदतीची सवय लागलेल्या आपल्या मंडळ्यांना हा धडा अजून पुरता उतरलेला नाही.

शेतकरी कुटुंबांकडे दरमहा मागू नका. त्यांचा पैसा महिन्याने येत नाही, पिकाने येतो. सोयाबीन, कापूस किंवा उसाचे पैसे झाले की वर्षाचे एकदम द्या, असे सांगा. हंगामाच्या सणाला लोक धान्याच्या गोण्या, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन येतात, लिलाव रंगतो आणि एक भोपळा चार वेळा विकला जातो. तुमच्या मूळ मंडळीने त्या लिलावातला ठरावीक भाग तुमच्या कामासाठी राखून ठेवावा, असा ठराव आधीच करून घेता येतो. दोन पोती ज्वारी थेट घरी आली तर तीही बाजारभावाने वहीत लिहा.

विचारायचे कसे

आधी मूळ मंडळी, मग नातेवाईक आणि मित्र, मग त्यांनी सुचवलेली माणसे, असा क्रम ठेवा. पाळकांना आणि वडीलमंडळींना न सांगता मंडळीतल्या घरांत फिरू नका. दुसऱ्या मंडळीच्या सभासदाकडे जायचे असेल तर तिथल्या पाळकसाहेबांना आधी भेटा. हे न केल्याने जेवढी मने दुखावतात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने दुखावत असतील.

घरी जाऊन विचारा. व्हॉट्सअॅपच्या गटात टाकलेले आवाहन सगळे वाचतात आणि सगळ्यांना वाटते की दुसरा कोणी देईल. भेटीत आकडा सांगा, मुदत सांगा आणि नकाराला जागा ठेवा. असे बोलता येईल:

‘काका, जय ख्रिस्त. येत्या जूनपासून आम्ही दोघं तिकडे राहायलाच जातोय. घरखर्च आणि कामाचा खर्च मिळून महिन्याला 32,000 रुपये लागतील, हा त्याचा कागद. यातल्या 19,000 रुपयांचे शब्द मिळालेत. तुम्ही एक वर्षभर दरमहा 500 रुपये देऊ शकाल का, हे विचारायला आलोय. आज उत्तर नको. काकूंशी बोला, प्रार्थना करा, पुढच्या रविवारी मी फोन करतो. नाही जमलं तरी आमच्यासाठी प्रार्थना करत राहा.’

एवढे बोलून थांबा. शांतता सहन होत नाही म्हणून स्वतःच ‘शंभर दिले तरी चालेल’ म्हणू नका. देणाऱ्याला ‘देव तुम्हाला शंभरपट परत देईल’ असे आमिषही दाखवू नका. ते सुवार्ता विकण्यासारखे आहे. कोणी नाही म्हटले तर चहा पिऊन तितक्याच आनंदाने उठा आणि पुढच्या भेटीत विषय काढू नका.

नोकरी केव्हा सोडावी? ठरलेल्या रकमेच्या तीन-चतुर्थांश भागाचे शब्द मिळाले असतील, त्यातले पैसे दोन-तीन महिने प्रत्यक्ष जमा झाले असतील आणि तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला असेल, तर पाऊल टाका. भर सभेत हात वर करणारे आणि महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवणारे यांच्यात फरक पडतोच. तोवर अर्धवेळ काम, शिकवण्या, शाळेतली नोकरी चालू ठेवण्यात कमीपणा नाही. विल्यम कॅरी 1793 साली बंगालमध्ये उतरले तेव्हा सोबतच्या जॉन थॉमस यांच्या हाती पैसा टिकेना आणि थोड्याच महिन्यांत कुटुंबाची उपासमार व्हायची वेळ आली. पुढच्या वर्षी कॅरींनी नीळ कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. नंतर फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवताना मिळणारा पगार त्यांनी सेरामपूरच्या सामायिक निधीत घातला. मराठीचे व्याकरण त्यांनी 1805 साली छापले ते याच काळात. नोकरीने त्यांची सेवा अडली नाही, उलट त्या पगारावर सोबत्यांचीही सेवा चालली.

पैसा कोणाच्या खात्यात

स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर कोड सभेच्या दारावर चिकटवणे ही आजची सर्वांत मोठी चूक. अर्पण, घरखर्चाची मदत आणि उसनवारी एकाच खात्यात मिसळली की वर्षअखेरीस तुम्हालाही काही उलगडत नाही. उत्तम मार्ग असा की मूळ मंडळीने किंवा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेने मदत आपल्या खात्यात घ्यावी, पावती द्यावी आणि तुम्हाला दरमहा मानधन द्यावे. मानधन मिळाले की त्याचे आयकर विवरणपत्र भरायचे. कर्ज काढताना किंवा मुलाच्या प्रवेशाच्या वेळी तोच कागद कामी येतो. खात्यावर दोन सह्या असाव्यात आणि त्यातली एक तुमच्या नातलगाची नसावी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, ती याच विचाराने.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना 1950चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. चार मित्र मिळून घाईघाईत न्यास काढू नका. कागदपत्रे सांभाळायची ताकद नसेल तर आधीपासून नीट चालणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली काम करणे शहाणपणाचे.

पैसे थेट तुमच्या नावावर येत असतील तर हे ध्यानात ठेवा: नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटींची एकूण रक्कम 50,000 रुपयांच्या वर गेली की ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. देणाऱ्यांना ‘80जी’ची सवलत मिळेल असे तोंडी आश्वासन कधीच देऊ नका. केवळ धार्मिक स्वरूपाच्या न्यासाला ती मिळत नाही. आणि जिथे मिळते तिथेही 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला नाही.

परदेशी पैशाबाबत तर फारच जपून. 2010च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार धार्मिक किंवा सामाजिक कामासाठी परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायचे तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावी लागते आणि परवाना असलेली संस्थादेखील ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. ‘पास्टर, मी तुमच्या खात्यात शंभर डॉलर टाकतो’ असे पाहुणा प्रेमाने म्हणाला तरी हात जोडून नाही म्हणा. इथे एक बारीक भेद आहे. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा मित्र आपल्या बचतीतून बँकेमार्फत मदत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण पुण्यात जन्मलेल्या आणि आता अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मावसभावाने कामासाठी पाठवलेली देणगी परदेशी ठरते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी. नियम बदलत असतात, म्हणून वर्षातून एकदा सनदी लेखापालाला भेटा आणि त्याची फी अंदाजपत्रकात धरा.

दर महिन्याचे पत्र

मदत सुरू झाली की बहुतेक सेवक दोनच वेळा लिहितात: नाताळला आणि पैसे कमी पडले की. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक पानाचे पत्र गेले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर चालेल, वयस्कर दात्यांना टपालाने किंवा फोनवर वाचून. त्यात कामाची खरी बातमी, प्रार्थनेचे दोन-तीन विषय आणि हिशेब एवढे पुरे. उदाहरणार्थ:

‘जुलै महिन्यात 47 जणांकडून 29,700 रुपये आले. घरखर्च 29,000, कामाचा खर्च 2,150. कमी पडलेले 1,450 रुपये राखीव रकमेतून घेतले. पावसामुळे वाडीवरची प्रार्थनासभा तीन आठवडे झाली नाही. दोन कुटुंबांनी येणे थांबवले आहे. कारण अजून नीट समजलेले नाही. सोमवारी मुलांचा वर्ग सुरू झाला, सात मुले येतात. आमच्या घरमालकाच्या आईची तब्येत बरी नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.’

या पत्रात चमत्कार नाही आणि ओढूनताणून आणलेला आकडाही नाही. म्हणूनच पुढच्या वर्षी त्यात ‘तीन जणांचा बाप्तिस्मा झाला’ असे आले तर लोक विश्वास ठेवतील. सातांचे सत्तर करण्याचा दबाव बाहेरून येतो, आतूनही येतो. एकदा सत्तर लिहिले की पुढच्या महिन्यात एकाहत्तरच लिहावे लागतात.

फोटो टाकताना विचार करा. पैसे मिळावेत म्हणून फाटक्या कपड्यातल्या मुलाचा, आजारी बाईचा किंवा प्रार्थनेत रडणाऱ्या माणसाचा फोटो पाठवू नका. त्या माणसालाही नातेवाईक आहेत, शेजारीपाजारी आहेत, आणि तो फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचतो. गरजूला मदत करताना सभेला येण्याची अट किंवा अपेक्षा नसावी, आणि ती मदत वहीत स्वतंत्र लिहावी. उद्या कोणी गावात बोट दाखवले तर ते पान उघडून ठेवता आले पाहिजे.

कामाची दिशा बदलली तर ते आधी सांगा. रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले ते बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी कबूल केलेल्या मदतीवर. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. सदन पुण्याला गेल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. आपण कोणावर सक्ती केली नाही, पण स्वतःचा विश्वासही लपवणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सल्लागारांना तो शब्द मोडल्यासारखा वाटला आणि 1893 साली रानडे, भांडारकर यांनी आपला संबंध तोडला. अमेरिकेतल्या संस्थेने मात्र पाठिंबा चालू ठेवला. कोण बरोबर हा वाद इथे नको. मुलांच्या वर्गासाठी दिलेल्या पैशातून सभागृह बांधायला निघालात तर दात्यांना पत्र लिहा, नको असेल त्याला थांबण्याची मोकळीक द्या आणि मगच वीट लावा.

मदत आटली तर

ती कधी ना कधी आटते. शाळांच्या फीचे दिवस, लग्नसराई, दुष्काळ, कोणाची बदली, कोणाचा मृत्यू. सलग दोन महिने पैसे आले नाहीत तर त्या घरी फोन करा, पण पैशासाठी नव्हे. बहुतेक वेळा तिथे आजारपण असते किंवा नोकरी गेलेली असते, आणि तुम्ही विचारपूस केल्याचे ते विसरत नाहीत. राखीव रकमेला हात लावला तर तसे पत्रात लिहा. उसने काढून काम चालवू नका, विशेषतः मंडळीतल्या माणसाकडून. तूट चार महिने टिकली तर खर्च कापा किंवा अर्धवेळ काम धरा, आणि तेही कळवा.

उलटही घडते. एखाद्या वर्षी ठरल्यापेक्षा जास्त येते. जास्तीचे पैसे गुपचूप नव्या मोबाइलमध्ये न जाता कुठे जातील, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा: आधी राखीव रक्कम पूर्ण करायची, मग दुसऱ्या सेवकाला द्यायचे.

अशी मदत जन्मभरासाठी नसते. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताच्या मागे चालणाऱ्या इथल्या माणसांचे काम परक्या पगारावर अवलंबून राहू नये, ही ओढ त्यामागे होती. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले, पण प्रश्न आजही तोच आहे. तुमच्या गावातली मंडळी आपला पाळक आपण कधी पोसणार? पहिल्याच वर्षी तिथल्या लोकांतून एक खजिनदार निवडा आणि अर्पणाची वही त्याच्या हाती द्या. तुम्ही ती मोजायलाही बसू नका. दुसऱ्या वर्षी सभेच्या जागेचे भाडे मंडळीने उचलावे, तिसऱ्या वर्षी कामाचा सगळा खर्च, पुढे घरखर्चाचा चौथा हिस्सा, मग अर्धा. कुठल्या गावाला पाच वर्षे लागतील, कुठल्याला दहा. दरवर्षी हिस्सा किती वाढला ते पत्रात लिहा, म्हणजे काम कुठवर आले हे देणाऱ्यांनाही दिसेल.

आणि ज्या वर्षी मंडळी म्हणेल की यापुढे आमच्या पाळकाचे आम्ही पाहू, त्या वर्षी पन्नास घरांना शेवटचे पत्र लिहा. त्यात पहिल्या महिन्यापासूनचा एकत्रित हिशेब द्या, आभार माना, आणि सेवेत नुकत्याच उतरलेल्या एखाद्या कुटुंबाचे नाव देऊन सांगा: आमचे 500 रुपये आता त्यांना पाठवा. त्याबरोबर त्या कुटुंबाचे अंदाजपत्रकही जोडा.